घोरपडेकाकूंनी अंडी सोडली त्याची गोष्ट

एका जंगलात, मुलांनो, शेवटचं झाड संपलं की समुद्र लागायचा.

त्यामुळे तिथल्या वाघाची पंचाईत होई. डरकाळी फोडायची म्हणजे आधी लाटेचा आवाज थांबायला हवा. लाट काही थांबत नसे. वाट बघून बघून तो वाघ फार नम्र झाला होता.

त्या जंगलाच्या टोकाला, जांभ्या दगडाच्या बांधात, घोरपडेकाकूंचं बीळ होतं. आडनावावरून तुम्ही ओळखलंच असेल. काकू घोरपड होत्या. अंगाने भक्कम, चालीला संथ. जिभेला दोन टोकं होती, पण बोलणं एकच. जंगलात हे जरा विशेषच होतं.

काकूंचा धंदा चोरीचा.

थंडी पडली की समुद्रातून कासविणी पुळणीवर येत. पुळण म्हणजे किनाऱ्यावरची वाळू. वाळूत खड्डा करायचा, अंडी घालायची, वर वाळू लोटायची आणि मागे न बघता पाण्यात परतायचं, अशी त्यांची रीत. मग काकू निघत. जीभ बाहेर काढून वारा चाखत. कुठल्या वाळूखाली काय आहे ते त्यांच्या जिभेला कळे. एखादं घरटं उकरायचं, पोटभर खायचं आणि पुढे कितीतरी दिवस उन्हात पडून राहायचं.

कासविणींना हे ठाऊक होतं. म्हणूनच तर त्या भरमसाट अंडी घालत. काही काकूंना, काही कावळ्यांना, काही माशांना आणि उरलीसुरली वंशाला. असा तो जुना, अडाणी व्यवहार होता. त्याला कुणी काही नाव दिलेलं नव्हतं.

एक म्हातारी कासवीण तर दर वर्षी पाण्यातूनच हाक मारी.

"आहेस का गं मेले अजून?"

"आहे की!"

"मरत कशी नाहीस?"

"तू घालायची थांब, म्हणजे मरते."

मग कासवीण खुदकन हसे आणि वाळूवर चढू लागे.

बाकी जंगलात काकूंशी कुणी बोलत नसे. समोरच्या फणसावर साळुंकेवहिनी राहत. त्या साळुंकी होत्या. संक्रांतीला त्या साऱ्या जंगलाला हळदीकुंकवाला बोलावत. काकू सोडून. अंडी खाणाऱ्या बाईला घरात कोण घेईल? त्यातून साळुंकेवहिनींच्या घरट्यात स्वतःची अंडी.

"मला काय त्याचं?" काकू म्हणत. पण संक्रांतीच्या दिवशी त्या बिळाबाहेर पडत नसत.

त्याच जंगलात कोल्हेसाहेब राहत. वाघाच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते, आता निवृत्त झाले होते. निवृत्त प्राण्याला, मुलांनो, सकाळ फार लांबलचक वाटते. ती भरायला काहीतरी लागतं. कोल्हेसाहेबांनी ती भरायला समुद्र घेतला.

त्यांनी पुळणप्रेमी मंडळ काढलं. चिटणीस म्हणून मोरेबाईंना घेतलं. मोरेबाई लांडोर होत्या. नाच त्यांच्या यजमानांकडे होता, म्हणून त्या सूत्रसंचालन करत.

मंडळाची पहिली सभा पुळणीवरच भरली. सभेत उकडलेल्या शेंगा मिळणार असं कानावर आलं, म्हणून काकूही गेल्या आणि सगळ्यात मागे बसल्या.

कोल्हेसाहेब सुंदर बोलले. कासवाची आई कशी लांबून पोहत येते, बाळाचं तोंड न बघता कशी परत जाते, आणि मग कोण येतं, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की ससे मुसमुसू लागले.

"आणि ती कोण," साहेब गरजले, "ती आज इथेच बसली आहे!"

सगळ्या माना मागे वळल्या.

काकूंच्या तोंडात शेंग होती. ती गिळवेना आणि थुंकवेना. आपण करतो ते इतकं वाईट आहे हे त्यांना आजवर कुणी नीट सांगितलंच नव्हतं. शिव्या सगळे देत, पण समजावून असं कुणी नाही. त्या उभ्या राहिल्या आणि जाड आवाजात म्हणाल्या, "सोडली. आजपासून अंडी सोडली."

टाळ्या, टाळ्या आणि टाळ्या! माकडाने फोटो काढला. मोरेबाईंनी पुढे येऊन काकूंच्या गळ्यात हिरवा पट्टा घातला. त्यावर 'पुळणप्रेमी' असं लिहिलं होतं.

साळुंकेवहिनी गर्दीतून उडत आल्या आणि म्हणाल्या, "काकू, यंदा संक्रांतीला नक्की यायचं हं!"

मुलांनो, हसू नका. जिला कधी कुणी बोलावलेलं नाही, तिलाच त्या वाक्याची किंमत कळते.

काकू खरोखर बदलल्या. बेडूक, किडे, पडलेली फळं, जे मिळेल त्यावर राहू लागल्या. पोट कधी भरलं नाही, पण वाटेत नमस्कार मिळू लागले. हरणांच्या शाळेत त्यांना 'मी अंडी कशी सोडली' यावर बोलायला नेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तोंड मिटून." तरी पोरांनी टाळ्या वाजवल्या. संक्रांतीला त्या पट्टा घालून साळुंकेवहिनींकडे गेल्या. वहिनींनी हलव्याचा दाणा हातावर ठेवला आणि घरट्यासमोर पंख पसरून उभ्या राहिल्या. काकूंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. घरी येऊन तो दाणा त्यांनी बिळाच्या कोनाड्यात ठेवला.

इकडे मंडळाचं श्रमदान सुरू झालं.

लाटांबरोबर चपला, बाटल्या, तुटकी जाळी असं बरंच काही येऊन पुळणीवर पडलं होतं. रानडुकरांपासून सशांपर्यंत सगळे राबले. काकूंनी एका जाळ्याशी सकाळभर झुंज दिली. पुळण स्वच्छ झाली. हे काम फार चांगलं झालं, आणि गोष्ट इथेच संपली असती तर मला तात्पर्य सांगायची गरजच पडली नसती.

पण कचरा संपला, उत्साह उरला.

पुढच्या आठवड्याचं श्रमदान जाहीर झालेलं होतं. पट्टे वाटून झाले होते. मग मोरेबाईंचं लक्ष मर्यादवेलीकडे गेलं. ही वेल वाळूवर सरपटत वाढते. जांभळी फुलं येतात आणि मुळं वाळू धरून ठेवतात. तिच्यापुढे समुद्र येत नाही, म्हणून जुन्या लोकांनी तिला ते नाव दिलं.

"फोटोत हे अगदीच गबाळं दिसतं," मोरेबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी मिळून वेल उपटली. वाळू अंगणासारखी झाडून काढली. माकडाचा फोटो छान आला. मग वारा सुटला आणि वाळू उडून जंगलात जाऊ लागली. ती अडवायला मंडळाने सुरूची रोपं लावली. प्रत्येक रोपापुढे पाटी रोवली. रोपावर लावणाऱ्याचं नाव नको का? रोपं वाळली. पाट्या मात्र जोमात होत्या.

त्यानंतर कुणीतरी विचारलं, "कासवाच्या पिल्लांना अंधाराची भीती वाटत नसेल?" सगळे हळहळले. काजव्यांना बोलावून पुळणीभर दिव्यांच्या माळा लावल्या.

मग कोल्हेसाहेबांनी अंड्यांसाठी बालभवन बांधायचं ठरवलं. चांगलं कुंपण, वर झावळ्यांचं छप्पर. पुळणीवरची सारी घरटी शोधून अंडी तिथे आणायची. घरटी शोधणार कोण? अर्थात घोरपडेकाकू.

काकूंनी जिभेने वारा चाखत एकेक घरटं दाखवलं. त्यांना अंड्यांबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती, ती खायची कशी. ती उपयोगाची नव्हती. मंडळातल्या प्रत्येकाने एकेक अंडं हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, गालाला लावलं, माकडाकडे बघून हसून घेतलं आणि पुढच्याच्या हातात दिलं. कासवाचं अंडं एकदा वाळूत स्थिरावलं की हलवायचं नसतं. आतला जीव कवचाला चिकटलेला असतो. हे मंडळात कुणाला माहीत नव्हतं. ज्या कासविणींना माहीत होतं, त्या मंडळाच्या सभासद नव्हत्या.

बालभवनाचं उद्घाटन थाटात झालं. थोडे दिवस गेले. एका सकाळी काकू कुंपणाशी उभ्या होत्या. वारा त्यांच्याकडे येत होता. त्यांनी सवयीने जीभ बाहेर काढली आणि पटकन आत घेतली.

वारा नासका होता.

त्या धावतच कोल्हेसाहेबांकडे गेल्या. "साहेब, अंडी मेली आहेत."

"काकू," साहेब समजुतीने म्हणाले, "नकारात्मक बोलू नये. आपण अंड्यांना वेळ देऊ."

अंड्यांना भरपूर वेळ दिला. एकही फुटलं नाही. आढावा बैठकीत साहेब म्हणाले, "आपले प्रयत्न कुठेच कमी पडले नाहीत. खुद्द अंड्यांमध्येच जागृती नव्हती." सगळ्यांनी माना डोलावल्या.

काकूंनीही डोलावली. पण त्या दिवशी त्यांना बेडूक गिळवेना. आयुष्यभरात त्यांनी जेवढी अंडी खाल्ली नसतील, तेवढी अंडी त्यांनी पट्टा घातल्यापासून दाखवून दिली होती. आणि खाल्लेल्या अंड्यांनी निदान पोट तरी भरलं होतं.

आता निसर्गसहली सुरू झाल्या. डोंगरापलीकडून कळपच्या कळप येऊ लागले. मोरेबाई त्यांना पुळणीवर रांगेने बसवत, कासवगीत म्हणून घेत आणि सांगत, "शांतता राखा, आता कासवीण येईल!" हे त्या कर्ण्यातून सांगत.

एका संध्याकाळी ती म्हातारी कासवीण खरंच आली. लाटांपलीकडे तिचं डोकं वर आलं. तिने माळांचे दिवे पाहिले. रांगा पाहिल्या. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "ती बघा!" आणि सारी सहल उठून पाण्याकडे धावली. डोकं बुडालं.

काकू गर्दीपासून लांब, खडपाच्या बाजूला गेल्या. खडप म्हणजे समुद्रातला खडक. तिथे पाण्यातून हलकेच हाक आली.

"आहेस का गं मेले?"

"आहे."

"गळ्यात काय बांधलंय?"

"पट्टा. मी सुधारले. अंडी सोडली."

एक लाट आली आणि गेली.

"बरं केलंस," ती म्हणाली. "पण मग ही सगळी कोण?"

"तुला वाचवायला आलीत."

"कुणापासून?"

"माझ्यापासून," काकू म्हणाल्या.

"तू एकटी होतीस गं," कासवीण म्हणाली. "तुझं पोट भरलं की तू झोपायचीस. ह्यांचं पोट कशाने भरतं?"

एवढं बोलून ती खडपाच्या मागे गेली. तिथे खडकांच्या आड वाळूचा एक लहानसा तुकडा होता, चटईएवढा. तिथवर माळा पोचल्या नव्हत्या. काकू तिच्या मागे गेल्या नाहीत. घरी निघाल्या.

दुसऱ्या दिवशी जंगलात मोठी बातमी पसरली. खुद्द वाघोबा कासवमहोत्सवाला येणार! पिल्लांना वाघोबांच्या पंजाने समुद्रात सोडायचं. तारीख ठरली, मांडव पडला. फक्त पिल्लं नव्हती.

कोल्हेसाहेब आणि मोरेबाई काकूंच्या बिळाशी आले. जंगलातले मोठे लोक आपल्या दारात बघून काकूंनी लगबगीने अंगण झाडलं.

"काकू," साहेब म्हणाले, "एक तरी घरटं हवं. तुमच्या जिभेवर सारी भिस्त आहे."

"सापडलं तर काय करणार?" काकूंनी विचारलं.

"बालभवनात आणणार. नव्या झावळ्या घातल्यात."

"तिथे मरतात, साहेब."

"यावेळी आपण बासरी लावणार आहोत," मोरेबाई म्हणाल्या. "आणि काकू, यंदाचा 'किनाराभूषण' पुरस्कार तुम्हालाच. वाघोबांच्या हस्ते. साळुंकेवहिनी तुम्हाला ओवाळणार आहेत."

काकू पट्टा सारखा करून निघाल्या.

खडपामागे पोचायला त्यांना वेळ लागला नाही. जीभ बाहेर काढायचीही गरज नव्हती. वाळू नुकतीच लोटलेली होती आणि खालून ऊबदार, जिवंत वास येत होता. काकूंच्या तोंडाला पाणी सुटलं. थंडीभर बेडकांवर काढलेलं पोट ते. पंजा आपोआप वाळूवर गेला.

मुलांनो, त्या वेळी तिथे कुणीही बघत नव्हतं. खाल्लं असतं तर कुणाला कळलं नसतं. सांगितलं असतं तर वाघोबांच्या हातून मान मिळाला असता. काकूंनी पंजा उचलला, वाळू पुन्हा सपाट केली आणि शेपटीने आपल्या पायांचे ठसे पुसले. चोरीत शिकलेली कला होती, ती कामाला आली.

परत आल्या तेव्हा मांडवात सारं जंगल जमलं होतं.

"सापडलं?" साहेबांनी विचारलं.

"सापडलं होतं," काकू म्हणाल्या.

मोरेबाईंनी पिसारा नसूनही पिसारा फुलवला. "कुठे आहे?"

काकूंनी एकदा साळुंकेवहिनींकडे पाहिलं. वहिनींच्या हातात ओवाळणीचं ताट तयार होतं.

"खाल्लं," काकू म्हणाल्या.

कुणालाच नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. "सगळं खाल्लं. एक अंडं ठेवलं नाही. भूक लागली होती."

मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही. ससे रडले. रानडुक्कर शिव्या देऊ लागलं. कोल्हेसाहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी हिच्यावर विश्वास ठेवला!" साळुंकेवहिनी किंचाळल्या, "आणि हिला मी घरात घेतली!" त्या ताट टाकून घरट्याकडे उडाल्या. मोरेबाईंनी काकूंच्या गळ्यातला पट्टा काढला. तो काढताना मान खरचटली. माकडाने त्याचाही फोटो काढला.

काकू खाली मान घालून उभ्या होत्या. घरी गेल्यावर त्यांनी कोनाड्यातला हलव्याचा दाणा उचलला आणि मुंग्यांच्या वाटेवर ठेवून दिला.

आता मंडळापुढे पेच पडला. वाघोबांची तारीख ठरलेली होती. तारखेला काहीतरी वाचवलेलं दाखवायला हवं होतं.

"हा किनाराच नतद्रष्ट आहे," कोल्हेसाहेब म्हणाले. "आपण डोंगरावरचं तळं वाचवू. तिथे कमळंही आहेत."

"कमळं फोटोत छान येतात," मोरेबाई म्हणाल्या.

दोनच दिवसांत मांडव हलला. माळा हलल्या, पाट्या हलल्या, कर्णा हलला. सहलींना नवी वाट दाखवण्यात आली. तळ्यातले बेडूक स्वागताला काठावर येऊन बसले. बिचाऱ्यांना अजून काही कल्पना नव्हती.

पुळणीवर पुन्हा नुसता लाटांचा आवाज राहिला.

काकू रोज खडपाच्या बाजूला जाऊन पडत. जंगलातलं कुणी लांबून जाताना म्हणे, "बघा, अजून हाव सुटत नाही." काकू ऐकत आणि डोळे मिटत. पूर्वीही कुणी बोलत नव्हतं, पण पूर्वी त्याचं काही वाटत नसे. आता वाटे. तेवढं मात्र मंडळाने त्यांना कायमचं दिलं होतं.

थंडी गेली. ऊन तापू लागलं. एका पहाटे, नुकतं फटफटत असताना, वाळू हलली. आधी एक काळी चिमुकली मान वर आली. मग दुसरी. मग खालून उकळी फुटावी तशी पिल्लं बाहेर पडली आणि पाण्याच्या चकाकीकडे खुरडत निघाली. कुणी गीत म्हटलं नाही. कुणी त्यांना पंजाने सोडलं नाही. दोन कावळे आले आणि त्यांनी आपापला वाटा उचलला. काकूंनी त्यांना हाकललं नाही. त्या तोंड घट्ट मिटून पडून होत्या. एक पिल्लू वाट चुकून त्यांच्या नाकावर चढलं, तिथून घसरलं, आणि पुन्हा समुद्राकडे निघालं. काकूंनी श्वास रोखून धरला होता.

शेवटचं पिल्लू लाटेत शिरल्यावर त्या उठल्या. खड्ड्यात डोकावल्या. तळाशी एक अंडं न फुटता राहिलं होतं. त्यात काही जीव नव्हता हे त्यांच्या जिभेला कळलं.

त्यांनी ते खाल्लं. चव काही बरी नव्हती. पण मांडवात 'खाल्लं' म्हणून सांगितलेलं अगदीच खोटं ठरू नये, असं त्यांना वाटलं.

तात्पर्य: मुलांनो, चोरी करणं वाईट आणि खोटं बोलणं त्याहून वाईट. समुद्रकिनारा वाचवायचा असेल तर सर्वांनी एकत्र यावं, पट्टे घालावेत, गीत म्हणावं आणि दुसरीकडे कुठेतरी जावं.